कार्डाला सुपाचा वारा

चौथीनंतर हातात पेन फारसं आलं नाही. अक्षर किरटं येतं, ऱ्हस्व-दीर्घ चुकतात. कधी कुणी हे वाचलंच, तर तेवढं सांभाळून घ्यावं.

नव्वदच्या दशकाची ती शेवटची वर्षं. धाकट्या दिरांनी सोनईत, आमच्याच पुढच्या खोलीत, कॉम्प्युटरवर छापायच्या लग्नपत्रिकांचा मजकूर जुळवायचं काम सुरू केलं. पैसे कमी पडले, म्हणून माझी भिशी मी पहिल्याच महिन्यात उचलली. बायकांनी विश्वासावर दिली. मी चारचौघींत बोलणारी नाही. हप्ता वेळेवर ठेवला की कुणी काही विचारत नाही, म्हणून तो चुकू नये एवढंच डोक्यात असायचं.

पडद्यावर चित्र उमटतं ते आतल्या ग्राफिक्स कार्डामुळे. त्यावर एक बारीक चिप असते, ती ठोके देते. ठोके जितके भरभर, तितकं चित्र मोठं आणि स्थिर. भाऊजींना अख्खी पत्रिका एकदम दिसत नव्हती. मोठं चित्र लावलं की पडदा लुकलुकायचा, डोळ्यांतून पाणी यायचं. नगरच्या मित्राने त्यांना फ्लॉपीवर एक प्रोग्राम दिला. त्याने चिपच्या ठोक्यांचा आकडा कंपनीने लिहिलेल्या आकड्याच्याही वर नेता यायचा.

"अन् जळलं तर?" मी दारातूनच विचारलं.

"वैनी, कंपनीवाले भित्रे असत्यात. आकडा मुद्दाम कमी लिव्हत्यात."

चित्र खरंच छान झालं. मग ते अधूनमधून आणखी थोडा आकडा वाढवू लागले. मॉनिटर बारीक शिट्टी मारायला लागला. भाकरी थापताना माझे कान तिकडेच. नवरदेवाच्या नावावर हिरवे ठिपके यायचे आणि जायचे. कार्ड तापतंय म्हणून त्यांनी कॉम्प्युटरच्या डब्याचं झाकण काढून समोर टेबल फॅन ठेवला. ठिपके थांबले, पण मला चैन पडेना. चुलीवर काही ठेवलेलं असलं तरी मी उठून फॅन फिरतोय ना बघून यायचे.

ऐन लग्नसराईत एका दुपारी ते कागद आणायला नगरला गेले. काम अर्धं आहे, मशीन बंद करू नका, म्हणाले. ते गेले आणि लाईट गेली. कॉम्प्युटर बॅटरीवर चालूच राहिला, फॅन तेवढा थांबला. बंद कसं करायचं ते मला ठाऊकच नव्हतं. ठिपके आले, मग रेघा. मी धावत जाऊन सूप आणलं आणि उघड्या डब्यात वारा घालत राहिले. सुपाला कोंडा चिकटलेला होता, तो उडून आत गेला. थोड्या वेळाने जळका वास आला आणि पडदा काळा झाला.

दुकानदाराने भाऊजींना विचारलं, आकडा बदलला होता का. ते खोटं बोलले नाहीत, म्हणून कार्ड बदलून मिळालं नाही. नवं घेण्यात माझ्या दोन हप्त्यांचे पैसे गेले, आणि भिशी थकली.

भिशी ज्यांच्या ओट्यावर जमायची त्या काकू म्हणाल्या, "कार्ड पाखडलं म्हनं हिनं. खडे निघाले का गं?" सगळ्या हसल्या. मी मान वर केली नाही. कोंड्यानेच कार्ड गेलं, असं मलाही वाटत होतं.

पुढच्या भिशीला भाऊजी स्वतः आले. तिथे पुरुष येत नाहीत. ते ओट्याखालीच उभे राहिले.

"सुपानं न्हाई जळलं. आधीच जळत आलं हुतं, माझ्या आकड्यानं. वैनीचे हप्ते मी देनार."

"आता हप्त्याचा तरी आकडा बेतानं सांगा," काकू म्हणाल्या.

नव्या कार्डाचा आकडा त्यांनी हलवला नाही. पत्रिका वरखाली सरकवत, अर्धी अर्धी बघून जुळवली. मी मात्र कितीतरी दिवस भाकरी थापताना ती शिट्टी ऐकू येते का बघत होते.

दिवाळीच्या आधी राहिलेले आणि पुढचे सगळे हप्ते फिटले. शेवटचे पैसे मीच काकूंच्या हातावर ठेवले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "झाले पूर्ण."