नाना आणि अक्षरावरची काळी टेप

भिवंडीचा माणूस म्हटल्यावर तुम्ही मनात लूमची खटखट सुरू केली असेल. बंद करा ती. गोल्फ म्हटल्यावर पांढरी टोपी घातलेला, नाकातून इंग्रजी बोलणारा साहेब उभा केला असेल. त्यालाही घरी पाठवा. आता कशेळीच्या खाडीकाठचं एक गोदाम घ्या. बाहेर कंटेनरची रांग, आत परदेशातून आलेल्या जुन्या गोल्फच्या काठ्यांचे ढीग, आणि मधोमध लुंगीवर पांढरे गोल्फचे बूट घातलेला साठी उलटलेला माणूस. हे आमचे नाना.

नानांची जमीन गोदामांना भाड्याने गेलेली, त्यामुळे हे काठ्यांचं दुकान चाललं काय, न चाललं काय. तरुणपणी टेनिस बॉल क्रिकेटमध्ये ते सिक्ससाठी प्रसिद्ध होते. एकदा एका भाडेकरूच्या मालात त्यांना गोल्फचा सेट दिसला. उचलला, एक बॉल खाडीत धाडला, आणि क्रिकेट सुटलं ते सुटलंच.

मी वज्रेश्वरीहून एसटीने कामाला यायचो. नोकरी मिळाली ती मी केलेली कंडक्टरची नक्कल बघून. हसून हसून नानांना उचकी लागली होती. आठवड्याभरात मला नानाही करता यायला लागले. आधी घसा खाकरायचा, मग दोन्ही अंगठे लुंगीच्या गाठीत खोचायचे, आणि समोरच्याकडे असं बघायचं की त्याने आपलंच काहीतरी उचललंय.

नानांचं दुकान चालायचं एका काळ्या टेपवर. गोल्फच्या काठीचा मधला लांब भाग म्हणजे शाफ्ट. तो किती कडक, किती नरम, हे सांगणारं अक्षर त्यावर छापलेलं असतं. आमच्याकडच्या माणसाची खोड अशी, की जे सगळ्यात कडक ते सगळ्यात भारी. क्रिकेटची जड बॅट डोक्यात बसलेली ना! म्हणून नाना प्रत्येक अक्षरावर इलेक्ट्रिकची टेप मारून ठेवायचे. वाचायचं नाही, मारून बघायचं.

कामतघरचा एक लूमवाला शेठ आला. बोलला, "चाचा, जो सबसे कडक है ना, वही दिखाओ. पैसे की बात मत करो."

"पैसे की बात कौन करता है? पहले मारके दिखाओ."

मागच्या भिंतीला नानांनी होडीवरचं जुनं मासेमारीचं जाळं टांगलं होतं. शेठने त्यात दहा-बारा बॉल मारले. सगळे जमिनीला धरून उजवीकडे पळाले. नाना त्याला जाळ्यापाशी घेऊन गेले, पाणी दिलं आणि हळू आवाजात काहीतरी समजावलं. मी बॉल गोळा करायच्या निमित्ताने कान तिकडेच लावून होतो. "शेठ, आपका हाथ आराम से घूमता है. कडक शाफ्ट उसके लिए झुकताच नहीं, फिर बॉल ऊपर कैसे जाएगा?" मग मोठ्या डोक्याची, नरम शाफ्टची काठी त्याच्या हातात दिली. असं डोकं बॉल थोडा बाजूला लागला तरी सांभाळून घेतं. पुढचा बॉल जाळ्याच्या वरच्या दोरीला लागला. शेठ स्वतःलाच "माशाल्ला" बोलला.

प्रत्येक गिऱ्हाइकाला नानांचं एकच सांगणं. "आज जसा मारतोस, त्याची काठी घे. उद्या चांगला मारशील, तवा उद्या ये. मी हाय ना."

आणि स्वतः? स्वतः नाना तोच पहिल्या दिवसाचा कडक सेट घेऊन खेळायचे. त्यावर टेप नाही, काही नाही, अक्षर लख्ख. दर रविवारी व्याह्यांबरोबर मॅच. व्याही म्हणजे त्यांच्या मुलीचे सासरे, मिशीतल्या मिशीत हसणारे. गेल्या हिवाळ्यात नानांचा खांदा धरला. बॉल निम्म्यात पडायला लागला. एका रविवारी परत आले आणि बॅग कोपऱ्यात टेकवली.

"झाला माझा खेळ. सेट व्याह्यांना देऊन टाकतो."

नानांची बायको, म्हणजे आमच्या काकी, हादरल्याच. मला बाजूला घेऊन बोलल्या, "अरे, ह्यांना एवढा एकच नाद हाय. तो सुटला तर हा माणूस भिंतीकडं बघत बसंल. काहीतरी कर."

शनिवारी व्याही सेट न्यायला आले. काकी चहा घेऊन आल्या. मी हलका, नरम शाफ्ट लावलेली काठी टेप मारून नानांच्या पुढे धरली. नानांनी नुसती हातात तोलली.

"म्हाताऱ्याची हाय. ठेव ती."

व्याह्यांचा हात बॅगेच्या पट्ट्यावर गेला. मला दुसरं काही सुचलं नाही. घसा खाकरला, अंगठे पँटच्या पट्ट्यात खोचले.

"शेठ, आज जसा मारतोस, त्याची काठी घे. तुझा तो जवानीतला सिक्स माझ्या दुकानात मिळत न्हाय. मिळाला असता तर मीच घेतला नसता?"

व्याह्यांच्या मिशीतून चहा बाहेर आला. काकींनी पदर तोंडाला लावला. नाना मात्र हसले नाहीत. कानाच्या पाळ्या लाल. माझ्या हातातून काठी ओढली, जाळ्यासमोर गेले आणि मारला. बॉल सरळ वर चढला. नानांनी काठीकडे बघितलं. दुसरा मारला, तिसरा मारला. मग बॉलची टोपली रिकामी होईपर्यंत मारतच राहिले.

शेवटी व्याह्यांनी पट्टा सोडला. "मग उद्या येताय ना?"

"येतो की. तुम्ही तुमचं बघा."

व्याह्यांची गाडी गेटबाहेर पडेपर्यंत नाना हात हलवत होते. मग वळले.

"इकडं ये, नकलाकार! व्याह्यासमोर माझं वय काढतोस? पोरगी दिलीय मी त्या घरात! आता प्रत्येक लग्नात, प्रत्येक हळदीला तो हीच गोष्ट सांगणार, मिशीला ताव देऊन. दात काय काढतोस? आवाज माझा काढलास, अंगठे माझे खोचलेस. पण गिऱ्हाइकाचा हात हळू हाय, हे मी कधी चार माणसांत बोललोय? तेवढंच शिकायचं राहिलं व्हय तुझं? नक्कल करतोस तर पुरी कर, गाढवा!"