कोणाच्याच जीपमध्ये न बसलेले साडभाऊ

आमच्या साडभाऊंइतका अपक्ष माणूस ब्रह्मदेवाने दुसरा घडवला नसेल, आणि घडवला असेल तर त्याच्याशीही साडभाऊंचं पटलं नसतं. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मुकुटबनच्या अलीकडे, रस्ता सोडून बरंच आत एका खेड्यात त्यांची कापसाची शेती. मी लोहाऱ्याला कारखान्यात नोकरीला, त्यामुळे भेट सणावारापुरती, आणि तेवढी पुरायची. लग्नात ते ना वराकडचे, ना वधूकडचे. मांडवात मधोमध उभे राहून दोन्हीकडे सारख्या अक्षता टाकत. गावात दोन भजनी मंडळं होती, म्हणून हे घरच्या अंगणात एकटेच टाळ कुटत. एकदा मेव्हणीने विचारलं, भाजी माझी चांगली झाली की सुनेची? साडभाऊ ताटावरून उठले आणि म्हणाले, "मी दही-भाकर खातो." दुसऱ्याच्या गाडीवर तर ते कधी बसलेच नाहीत. एसटी नसली तर पायी जात. मी एकदा स्कूटर थांबवली तर म्हणाले, "बसाले काय लागते, साडभाऊ? पण उतराच्या येळी मालकाले इचारा लागते."

असा माणूस पंचायत समितीला उभा राहिला तो एका पांदणीसाठी. कापसाचे भाव वर्षानुवर्षं कोसळत होते, ते कुणाच्याच हातात नव्हतं. पण शेतातून सडकेपर्यंत जाणारी त्यांच्या गावची पांदण हातातली गोष्ट होती. अवकाळी पाऊस आला की काळ्या मातीत बैलबंड्या रुतायच्या, कापूस खरेदी केंद्रावर पोचायचाच नाही. मग व्यापारी गावात येऊन पडेल भावाने उचलायचे आणि वर उपकार केल्याचा चेहरा करायचे. साडभाऊंना छत्री चिन्ह मिळालं. ते भर उन्हात छत्री मिटून फिरले, कारण उघडली तर सावलीसाठी घेतली असं लोकांना वाटेल. तरी निवडून आले. दोन्ही पक्षांना लोक इतके विटले होते की तालुक्यात निम्म्याहून जास्त अपक्षच निवडून आले.

आता अपक्षांचं राज्य येणार म्हणून मीसुद्धा पेढे वाटले. कसलं काय! ती वरात निघाली सगळी नवरदेवांचीच. प्रत्येकाला सभापती व्हायचं होतं. कालपर्यंत "दोघांनाही गाडा" म्हणून घसा कोरडा करणारे आठवड्याच्या आत निम्मे एका पुढाऱ्याच्या बैठकीत आणि निम्मे दुसऱ्याच्या ओसरीवर जाऊन बसले. शेवटी दोन अपक्ष सभापतिपदासाठी समोरासमोर आले, दोघांच्या मागे एकेक पक्ष, आणि लोकांनी ज्यांना पाडलं होतं तेच कुणाला बसवायचं हे ठरवू लागले. सरकार म्हणतात ते असंच असतं. लहानात लहान असलं तरी त्याला मोठ्यांचे सगळे रोग असतात.

मोजदाद केली तर सारं एका मतावर अडलं होतं, आणि ते मत साडभाऊंचं. त्यांनी पैसे मागितले नाहीत. दोन्ही उमेदवारांना निरोप धाडला, "पांदणीनं चालून दाखवा." एकाने उद्या येतो म्हटलं. दुसरा, शेजारच्या गावचा पाटील, खरोखर आला, नुकत्याच पडलेल्या पावसाच्या चिखलात चालला, एक बूट तिथेच ठेवून बाहेर आला आणि म्हणाला, "पहिला ठराव हिचाच." साडभाऊंनी शब्द दिला. गावात आनंदीआनंद झाला.

फोडाफोडी नको म्हणून मतदानाआधी सदस्यांना सहलीला नेतात, ही आपल्याकडची लोकशाहीतली तीर्थयात्रा. पाटलाने आपल्या बाजूच्यांना माहूरला नेलं. साडभाऊंना न्यायला जीप दारात आली. हे म्हणाले, "मत देल्लं, मी नाही देल्लो." आणि पिशवीत भाकरी बांधून एसटीने जीपच्या मागे माहूरला गेले. देवीचं दर्शन घेतलं, भक्तनिवासात स्वतःच्या पैशाने राहिले. मतदानाच्या सकाळी पाटील अक्षरशः हात जोडून म्हणाला, "आज तरी बसा जी, साडेअकराले सभा हाय." जीपमध्ये पुढची जागा रिकामी ठेवली होती. साडभाऊ स्टॅंडकडे चालू लागले.

जीप पुढे निघून गेली, मागून निघालेली एसटी वाटेतल्या खरेदी केंद्रापाशी अडकली. कापसाच्या बंड्या रस्ताभर उभ्या होत्या. साडभाऊ खाली उतरले, धावले, पण किती धावणार? ते सभागृहाच्या दारात पोचले तेव्हा मतं समसमान पडून चिठ्ठी निघालेली होती, आणि "उद्या येतो" म्हणणारा गळ्यात हार घालून बसला होता. त्याने पहिला ठराव स्वतःच्या गावच्या पांदणीचा केला. त्याचं चुकलं असंही मला म्हणता येत नाही.

दुसऱ्या दिवशी साडभाऊ स्वतःहून पारावर गेले. मीही होतो. म्हणाले, "मी येळेवर नाही पोचलो." एका म्हाताऱ्याने हळूच विचारलं, "जीपमंधी जागा नोयती का बापू?"

"होती."

एकेक करून माणसं पारावरून उठून गेली. घरी मेव्हणी मात्र बोलली, "ह्यायचं इमान ह्यायच्यापाशी, चिखल साऱ्या गावाले." मला वाटलं तिला गप्प करावं. पण ती खोटं बोलत नव्हती, आणि मला साडभाऊंचा राग आला होता, तो अजून पुरता गेलेला नाही. विकाऊ माणसांनी आमचं जेवढं वाटोळं केलं, त्यात या न विकलेल्या माणसानेही भर घातली.

त्या वर्षी दिवाळीनंतर पाऊस आला. मी गेलो तेव्हा साडभाऊ सकाळपासून पांदणीत गुडघाभर चिखलात उभे होते, येईल त्या बंडीच्या चाकाला खांदा देत. गाव त्यांच्याशी बोलत नव्हतं, पण खांदा कुणी नाकारत नव्हतं. मीही चपला काढून उतरलो. "तुम्ही कायले कपडे खराब करून राह्यले?" एवढंच म्हणाले आणि सरकून मला जागा दिली. आम्ही जोर लावला, बंडी हलली, सडकेला लागली. बंडीवाल्याने बैल दामटले, मागे वळून पाहिलं नाही. साडभाऊ छातीवरचा चिखल निपटत त्याच्या पाठीकडे बघत राहिले.

"केंद्र बंद व्हाच्या आंधी पोचला पाह्यजे बिचारा," म्हणाले.