गोजरकाकीचं पांढरं जोडवं

धसईजवळच्या आमच्या वाडीत गोजरकाकीला अजून कुणी फसवू शकलेलं नाही. तिच्या लेकाला मात्र कुणीही फसवतं, असा तिचा ठाम समज.

लेक जगदीश दुबईला एसी दुरुस्त करतो. चार वर्षांपूर्वी तो आईसाठी प्लॅटिनमची साधी अंगठी घेऊन आला. काकीनं ती उजेडात फिरवून पाहिली. तो परत गेल्यावर निकाल दिला, "चांदी हाय. पोराच्या गळ्यात मारली."

भाताच्या लावण्या करून बोटांची पेरं जाड झालेली, अंगठी काही चढेना. सोनं पायात घालत नाहीत, पण पांढऱ्याला कोण अडवतो? तिनं सोनाराकडून ती एका बाजूनं कापून घेतली आणि पायाच्या बोटात जोडवं म्हणून घातली. "लय चिवट चांदी गो," सोनार कुरकुरला. पुढे चार वर्षं त्या प्लॅटिनमनं भाताची लावणी केली, शेण काढलं.

यंदा दिवाळीनंतर काकीच्या जोडीतला एक बैल गेला. तिच्या उतारावरच्या खाचरांत ट्रॅक्टर उतरत नाही आणि एकट्या बैलानं नांगर होत नाही. लेकाकडे मागावं, तर तो म्हणणार, "उरलेला पण विक, शेती बास." हेच तिला नको होतं. म्हसा गावची गुरांची जत्रा तोंडावर आली, तेव्हा तिनं दोन्ही पायांतली जोडवी काढली आणि मला हाक मारली. माझ्याकडे बारावीचं सर्टिफिकेट आणि फोन आहे, त्यामुळे वाडीत मला सगळं कळतं.

एक, लग्नातलं चांदीचं, झिजून तारेसारखं झालेलं. दुसरं, अंगठीचं, होतं तसंच. आतल्या बाजूला बारीक ठसा दिसला, 'Pt 950'.

"काकी, हे प्लॅटिनम आहे. पायात?"

"मंग कुठं, नाकात घालू? किती येतील सांग."

सोनाराच्या काट्यावर वजन भरलं सहा ग्रॅम. फोनवर त्या दिवसाचा भाव पाहिला. तो शुद्ध धातूचा होता, आणि काकी तेवढ्यावरच बैलाचा रंग ठरवायला लागली.

"थांब," मी म्हणालो. "भाताचं वजन करून तांदळाचे पैसे मिळतात का? हजारात पन्नास भाग दुसरा धातू, तो कोंडा. त्यात वितळवायचा खर्च, वर दुकानदाराचा नफा."

"म्हंजे गिरणीवाल्याचा वाटा. आन् जग्यानं घडणावळ दिली ती?"

"ती गेली."

"बघ. पोराला फसवलाच."

सगळं वजा करून अंदाज निघाला तीस हजारांच्या आसपास.

शहापूरला पहिल्या दुकानात "आमच्याकडची असेल तरच घेतो" म्हणाले. दुसऱ्यानं तर मोडीतल्या चांदीचा भाव सांगितला. चांदी आहे असं चार वर्षं काकीच सांगत होती. आता दुसऱ्यानं सांगितल्यावर तिला राग आला. "डोळं हायत का बटणं?" म्हणत ती पायरी उतरली.

तिसऱ्याकडे धातू तपासायचं मशीन होतं. त्यानं अंगठी चिमटीत धरून न्याहाळली. "मावशी, कापली कशाला?"

"पायात बसंना."

त्यानं चिमूट सैल केली, रुमालाला हात पुसला आणि अंगठी मशीनमध्ये ठेवली. पंच्याण्णव टक्के. भाव सांगितला सत्तावीस हजार.

काकीनं माझ्याकडे पाहिलं. मी नको म्हणून मान हलवली. तिनं अंगठी उचलून सरळ पायात चढवायला घेतली. दुकानदार म्हणाला, "बसा ओ मावशी, चहा घ्या." चहा संपेपर्यंत तो साडेएकोणतीसवर आला होता.

म्हशाला तिनं काळ्या शिंगांचा, जरा खोडकर खोंड निवडला. तो घरच्या बैलाला पहिल्या दिवशी ढुशा देत होता, तिसऱ्या दिवशी दोघं एका गव्हाणीत खाऊ लागले.

त्या रविवारी जगदीशचा व्हिडिओ कॉल आला. "आये, अंगठी घालतेस ना गो?"

"गोठ्यात बांधलीय," काकी म्हणाली.

मग तिनं त्याला सगळं सांगितलं, पायातल्या जोडव्यासकट.

"दाखव तरी," तो म्हणाला.

मी फोन घेऊन गोठ्याकडे निघालो. काकीनं मला दारातच अडवलं. आधी खोंडाला धुऊन घेऊ दे म्हणाली.