शेपूचा चक्का

त्या उन्हाळ्यात आमच्या घरातून मिरची हद्दपार झाली. माझ्या नवऱ्याच्या गालात आतून गाठ निघाली होती. ती कापून काढली, मग रेडिएशन झालं. ते संपलं तेव्हा त्यांचं तोंड आतून सोलून निघालं होतं. साधं पाणी पितानाही ते डोळे मिटून घ्यायचे.

मी शाळेत क्लार्क आहे. सकाळी पाचला उठून तांदळाची पेज करायची, ती गाळायची, मुगाचं पाणी करून थर्मासात भरायचं, औषधं ओळीने मांडायची आणि मग ड्युटीला पळायचं. डॉक्टर दर खेपेला वजनाचा कागद बघून म्हणायचे, "प्रोटीन जायला हवं पोटात." ते जाणार कसं, हे कोणी सांगत नव्हतं. दोन चमचे झाले की हे हात आडवा धरायचे. उरलेलं मीच पिऊन टाकायची. सहा महिने मी स्वतःसाठी म्हणून काही शिजवलं नव्हतं.

एका रविवारी दुपारी हे भिंतीकडे तोंड करून पडले होते. तसेच पडल्या पडल्या म्हणाले, "अगं, जर्मनीत खायचो ना, ते पांढरं... ते खाईन मी."

हे लूमचे, म्हणजे यंत्रमागाचे फिटर. पुष्कळ वर्षांपूर्वी मालकाने परदेशी मशिनं घेतली, तेव्हा ती शिकायला दीड महिना यांना तिकडे पाठवलं होतं. बरोबर नेलेला चिवडा आठवड्यात संपला. मग कँटीनमध्ये उकडलेला बटाटा आणि त्यावर मऊ, पांढरं, हिरवी पानं पेरलेलं असं काहीतरी, यावर त्यांनी दिवस काढले. घरी आल्यावर त्याची टिंगलच जास्त केली होती. "बटाट्याला दही फासून खातात बिचारे," म्हणायचे. आता तेच मागत होते.

मला माया दाटून आली असं लिहायला आवडलं असतं. मला आधी दिसली ती घासायची भांडी.

फोनवर त्या जर्मन पदार्थाचा एक व्हिडिओ सापडला. साय काढलेलं दूध कोमट करायचं, ताकाचं विरजण लावायचं, दही जेमतेम धरलं की भांडं गरम पाण्यात ठेवायचं, म्हणजे पाणी लवकर सुटतं, आणि मग फडक्यात गाळायचं. एवढ्या पायऱ्या बघूनच दमले. घरातलं दही होतं तेच बांधून टांगलं. फडक्याला तोटा नव्हता. यांच्या कारखान्यातलं कोरं कापड कपाटात पडून होतं. त्याची खळ जायला तीनदा धुवावं लागलं तेवढंच. त्या चक्क्यात शेपू आणि कोथिंबीर घालून दिला. पहिल्याच घासाला यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. आंबट लागलं होतं, सगळ्या जखमांना झोंबलं.

सासूबाई तेव्हा गावाहून, दिघाशीहून, आमच्याकडे येऊन राहिल्या होत्या. वाटीत डोकावून म्हणाल्या, "ह्यो त चक्काच हाय. साखर घाल न् दे त्याला. शेपू कशाला घातलास?"

"त्यांना गोड चालत न्हाय, आई," मी म्हटलं. त्यांच्याशी बोलताना माझंही बोलणं तसंच होतं.

दोन दिवसांनी मी लिंबू पिळून दूध फाडलं. तो तर रवाळ छेना झाला. घशात अडकला आणि यांना ठसका लागला, तो थांबेना. पाठ चोळून, पाणी पाजून झाल्यावर हे म्हणाले, "हे ते नाहीच."

"मग जा जर्मनीला," मी म्हटलं आणि गॅलरीत जाऊन बसले.

गल्लीतले लूम खडखडत होते. इतकी वर्षं तो आवाज मला ऐकूही येत नाही. त्या दिवशी मात्र तो डोक्यात शिरला. आजारी माणसाला आपण काय बोललो, याची लाज वाटायला हवी होती. मला फक्त तिथेच बसून राहावंसं वाटत होतं.

बऱ्याच वेळाने आत आले, तर हे माझा फोन घेऊन ओट्यापाशी उभे होते. तो व्हिडिओ चौथ्यांदा बघत होते.

"गरम पाण्यात ठेवलंस का तू?" त्यांनी जड जिभेने विचारलं.

"नाही."

"का?"

"कंटाळा आला."

 दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले, तर दुधाची साय काढून विरजण लागलेलं होतं. सासूबाई दारातच म्हणाल्या, "सकालधरनं त्याचं ह्येच चाललंय. झाकण काढतो, बगतो, परत ठेवतो." चुलीजवळ कधी न फिरकलेला माणूस मशीनवर लक्ष ठेवावं तसा त्या पातेल्यावर बसला होता. दही थरथरतं झालं, पण आंबलं नव्हतं, तेवढ्यात त्यांनीच भांडं गरम पाण्यात ठेवलं. पाणी सुटायला लागलं. मी कापड धरलं, त्यांनी ओतलं. तासाभराने कापड सोडलं तर आत मऊ गोळा होता. चमच्याने घोटून, थोडं दूध घालून सैल केला. कांद्याच्या पातीचा हिरवा भाग आणि शेपू त्यांनी इतका बारीक चिरला की तसा मला कधी जमला नव्हता. मीठ नावाला.

उकडलेला बटाटा कुस्करून, त्यावर ते घालून हे खायला बसले. सासूबाई आणि मी समोर उभ्या होतो. एक घास गेला. दुसरा गेला.

"जवळ आलं," ते म्हणाले, आणि पूर्ण वाटी संपवली.

पुढे तीन महिने आमच्याकडे दिवसाआड तेच होत असे. वजनाचा काटा आधी थांबला, मग हळूहळू वर सरकला. दूधवाल्या भय्याला साय काढलेलंच दूध हवं म्हटलं, तर तो हसला. "भाभी, लोग मलाई के लिए झगड़ते हैं." दह्यातून निघालेल्या पाण्यात मी पीठ भिजवायची. विरजण लावणं, गाळणं, कापड उकळून वाळत घालणं, हे शेवटी माझ्याकडेच आलं. हे अर्धा दिवस कारखान्यात जायला लागले होते.

दिवाळीनंतर एकदा त्यांनी वरणभाताला किंचित फोडणी मागितली आणि ती त्यांना सोसली. त्याच आठवड्यात मी वाटी पुढे केली तेव्हा त्यांनी ती बाजूला सारली.

"हे आता नको. बघितलं तरी हॉस्पिटल आठवतं."

दोन लिटर दुधाचा चक्का नुकताच गाळून ठेवला होता. मी तशीच उभी राहिले. राग आला का, ते आठवून पाहते. तेवढंही बळ नसावं. सासूबाईंनी आपल्या वाटणीचा साखर घालून खाल्ला. मी हिरव्या मिरचीचा ठेचा केला, कितीतरी महिन्यांनी, आणि भाकरीबरोबर तो शेपूचा चक्का खाल्ला. चांगला लागला.

त्या रविवारी मी दुपारी आडवी झाले ती दिवेलागणीलाच उठले. मधे मला कोणी हाक मारली नाही.