पार्कात हरवलेले अहो

आम्ही चंदीगडला बदलून आलो तेव्हा थोरली पहिलीत होती आणि धाकटा नुकताच शेंबूड स्वतः पुसायला शिकला होता. नवरा सेक्टर तीसमधल्या सरकारी प्रयोगशाळेत मोजमापाची उपकरणं बनवायचा. माझं माहेर सांगलीचं, सासर साताऱ्याचं. त्यामुळे सरळ रेषेतले रस्ते आणि आकडे लावलेली सेक्टरं बघून मला पहिले काही महिने आपण भूमितीच्या वहीत राहायला आलोय असंच वाटायचं.

दिवस वाईट होते. पंजाबात रोज कुठे ना कुठे बॉम्ब फुटत होता. दिवेलागणीच्या आत सगळे घरात. वर्तमानपत्र आधी आम्ही वाचायचो आणि मग ते मुलांच्या हाती लागू नये म्हणून गादीखाली सारायचो. थोरलीच्या शाळेत रोज प्रार्थनेनंतर बाई बजावायच्या, की रस्त्यात पडलेलं खेळणं, रेडिओ, डबा, कशालाही हात लावायचा नाही. ती हे इतकं मनावर घ्यायची, की एकदा पलंगाखाली पडलेला स्वतःचाच मोजा उचलायला तिनं नकार दिला.

"अगं, तुझाच आहे तो," मी म्हटलं.

"क्या पता," ती म्हणाली. "लावारिस है." मराठी तिला सगळं कळायचं, पण उत्तर हिंदीतच यायचं.

अशात पिंजोरच्या रस्त्यावर कुणीतरी लहान मुलांसाठी एक मोठा पार्क उघडला. आकाशपाळणा, हंसाच्या होड्या, छोटी आगगाडी, भुताचं घर. थोरलीच्या वर्गातली निम्मी मुलं जाऊन आली. मग घरात रोज सकाळ-संध्याकाळ तोच विषय. एवढ्या गर्दीत, अशा दिवसांत, मुलांना न्यायचं का, यावर आम्ही दोघं बरेच दिवस खल करत होतो. शेवटी नवरा म्हणाला, "नेऊ. पण तयारीनं."

त्याची तयारी म्हणजे प्रयोगशाळेतली चाचणीच. रविवारी सकाळी जेवणाचं टेबल आकाशपाळणा झालं आणि स्वयंपाकघराचं दार तिकीटखिडकी. नियम त्यानं मुलांकडून पाठ करून घेतले. चुकामूक झाली तर जिथे असाल तिथेच उभं राहायचं, एक पाऊलही हलायचं नाही. मदत मागायची ती फक्त वर्दीतल्या माणसाकडे. आणि परक्या कुणालाही पप्पांचं नाव, घरचा पत्ता, ते कुठे काम करतात, यातलं काही सांगायचं नाही. त्या दिवसांत सरकारी नोकरीतली सगळीच माणसं मुलांना असं शिकवत होती, म्हणून मीही मान डोलावली. वर्दीवाल्यानं नाव विचारलं तर काय करायचं, हे आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

मग त्यानं पडद्यामागे लपून परीक्षा घेतली. थोरली जागच्या जागी खांबासारखी उभी राहिली. पूर्ण मार्क. धाकटा मात्र सरळ पडद्याकडे गेला आणि वडिलांच्या पायाला मिठी मारून बसला.

"तू हरवलास तर काय करशील?" त्यानं विचारलं.

"रडेन."

"आणि मग?"

"मग लाडू खाईन," धाकटा म्हणाला.

लाडवांचा विषय घरात ताजा होता. पार्कात न्यायला मी आदल्या दिवशी रव्याचे लाडू केले होते आणि पाक पुढे गेला होता. वळताना बरे वाटले, सकाळी डबा उघडला तर त्यांचे गोटे झाले होते. टाकवेनात म्हणून पुऱ्या आणि बटाट्याच्या भाजीबरोबर तसेच पिशवीत ठेवले. वाटेत मऊ पडतील अशी वेडी आशा.

फेब्रुवारीचं छान ऊन होतं. गर्दीत ओळखू यावं म्हणून चौघांनीही मी विणलेल्या लाल लोकरी टोप्या घातल्या. स्कूटरवर पुढे धाकटा उभा, मग नवरा, मध्ये चेपलेली थोरली, मागे मांडीवर पिशवी घेऊन मी. पंचकुलाच्या अलीकडे नाका होता. वाळूची पोती, त्यामागे बंदूक, आणि रस्त्यावर आडवं लाकूड. तसा नाका आम्हाला नवा नव्हता. आपण होऊन उतरायचं, हसायचं नाही, विचारलं तेवढंच बोलायचं.

एका तरुण जवानानं पिशवी उघडली. पुऱ्या बघितल्या, भाजी हुंगली, आणि मग दुसरा डबा उघडून तो थांबला.

"ये क्या है?"

"लड्डू," नवरा म्हणाला.

जवानानं एक लाडू उचलून डब्याच्या कडेवर आपटला. टण्ण असा आवाज झाला. त्यानं मागे वळून साहेबाला हाक मारली. साहेब आला. त्यानंही एक आपटून बघितला.

"ये लड्डू है?"

"जी. घर के हैं."

"तो खा के दिखाइए."

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मी खडीकडे पाहिलं. इतक्या वर्षांच्या संसारात तशा नजरेनं त्यानं माझ्याकडे पुन्हा कधी पाहिलं नाही. त्यानं लाडू दाढेखाली धरला, डोळे मिटले आणि जोर लावला. कडकन आवाज झाला. लाडू फुटला असं सगळ्यांना वाटलं. जवान हसला, लाकूड वर झालं आणि साहेबानं आम्हाला पुढे जायची खूण केली. थोड्या अंतरावर गेल्यावर नवऱ्यानं स्कूटर कडेला घेतली आणि तोंडातून काहीतरी काढून तळहातावर ठेवलं. दाढेत भरलेलं सिमेंट होतं. लाडू शाबूत होता.

"परत फिरू या का?" मी विचारलं.

मुलांनी एकदम भोकाड पसरलं. "नको," तो गालावर हात ठेवून म्हणाला. "जरा ठणकतंय, एवढंच."

पार्काच्या दारात पुन्हा झडती झाली, पण इथे लाडू कुणी वाजवून बघितले नाहीत. आत गर्दी पुष्कळ होती. ती पाहून मला बरं वाटलं. इतकी माणसं एका जागी हसताना मी बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती. पगड्या, दुपट्टे, आईच्या कडेवरची बाळं, आणि सगळ्यावरून भोंग्यावर चाललेली हरवलेल्या बुटांची, चाव्यांची आणि आजोबांची वर्णनं.

मुलांना आधी आगगाडीतच बसायचं होतं. रांग लांबलचक. मला बायकांच्या बाथरूमला जायचं होतं, तिथेही रांग लांबलचक. मुलांना त्यांच्या वडिलांजवळ ठेवून मी गेले. पुढचं मी पाहिलेलं नाही. रांगेत आमच्यामागे एक सरदारीणबाई होत्या, भरपूर देहाच्या आणि त्याहून भरपूर आवाजाच्या. त्यांनी ते मला नंतर साभिनय सांगितलं.

मी गेल्यावर नवऱ्याची दाढ असह्य ठणकू लागली. पलीकडेच प्रथमोपचाराची खोली दिसत होती. तो त्या बाईंना म्हणाला, "बहनजी, दो मिनिट बच्चों को देखिएगा." मुलांना म्हणाला, "इथेच उभे राहा. हलायचं नाही." आणि गेला.

मुलं हलली नाहीत. रांग पुढे सरकली, तरी हलली नाहीत. त्यांच्यापुढे मोठी मोकळी जागा तयार झाली आणि मागचे लोक ओरडू लागले. सरदारीणबाई थोरलीला म्हणाल्या, "पुत्तर, अग्गे चल."

"पापा ने कहा है हिलना नहीं."

"मैं हां ना तेरे नाल." मी आहे ना सोबत, असा दिलासा.

"आप वर्दी में नहीं हो," थोरली म्हणाली.

बाई सांगत होत्या, की आयुष्यात त्यांना कुणी इतक्या शांतपणे गप्प केलं नव्हतं. आगगाडी आली, रिकामी उभी राहिली, शिट्टी झाली. शेवटी काय खोळंबलंय ते बघायला गाडीचा गार्ड खाली उतरून आला. त्याच्या अंगावर पितळी बटणांचा निळा कोट आणि डोक्यावर टोपी होती. थोरलीला हवी होती तशी वर्दी. तिनं लगेच तक्रार नोंदवली.

"हमारे पापा खो गए हैं."

गार्ड खाली वाकला. "पापा का नाम क्या है, बेटा?"

थोरलीनं ओठ घट्ट मिटले. वर्दीवाल्याला नाव सांगायचं की नाही, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. आणि शंका आली की न बोलणंच बरं, असं तिचं मत. धाकट्याला मात्र असल्या शंका नव्हत्या.

"अहो," तो म्हणाला.

"क्या?"

"अहो. मम्मी बोलती है."

मी तेव्हा हात धूत होते. भोंगा खरखरला आणि खणखणीत पंजाबी आवाजात घोषणा झाली. "अहो जी. श्री अहो जी. आप जहां कहीं भी हैं, फौरन रेलगाड़ी के पास पहुंचें. लाल टोपी वाले आपके दो बच्चे आपका इंतज़ार कर रहे हैं."

लाल टोपी ऐकून मी नळ तसाच सोडला. मग 'अहो जी' डोक्यात शिरलं आणि काय झालं असेल ते मला कळलं.  तरी ओल्या हातानं मी आगगाडीकडे धावले. माझ्या चपलेचा अंगठा तुटला, ती हातात घेऊन धावले.

पोचले तर मुलांजवळ तीन पुरुष उभे होते. त्यांत माझा एकही नव्हता.

एक उंच, हवाई दलातला, केस बारीक कापलेला. दुसरा जाडसर, गळ्यात कॅमेरा. तिसरा वयानं मोठा, हातात अर्धं खाल्लेलं कणीस. तिघांनाही धाप लागली होती. तिघंही एकमेकांकडे संशयानं बघत होते.

"इनमें से अहो कौन है?" गार्डनं मुलांना विचारलं.

"कोई नहीं," थोरली म्हणाली.

"मला वाटलं, हिनंच बोलावलंय," उंच माणूस कॅमेरावाल्याला म्हणाला. मराठीत. कॅमेरावाल्याचा चेहरा एकदम उजळला. "तुम्ही मराठी? मीही. टपालखात्यात. बदली."

"मी नागपूरचा," कणीसवाले म्हणाले. "लाल टोपीची मुलं माझी नाहीत, हे मला माहीत होतं. माझी तर कॉलेजात आहेत. पण हाक आली म्हटल्यावर पाय आपोआप निघाले."

तेवढ्यात तिघांच्या बायका तीन दिशांनी येऊन पोचल्या. त्यांना प्रत्येकीला आपला नवरा असा का पळाला, हे कळेना. कणीसवाल्यांची बायको त्यांना सगळ्यांसमोर म्हणाली, "मी बाजूलाच बसले होते. मग भोंग्यावर कशाला बोलावीन?" त्यांनी उरलेलं कणीस तिच्यापुढे धरलं.

आता प्रश्न होता माझ्या अहोंचा. सरदारीणबाईंनी प्रथमोपचाराच्या खोलीकडे बोट केलं आणि आम्ही सगळे, गार्डसकट, तिकडे निघालो. मुलं मात्र जागची हलायला तयार नव्हती. नियम वडिलांनी घातला होता, तो वडिलांनीच मोडायला हवा होता. शेवटी हवाई दलवाल्यानं एकेकाला काखेत उचललं. आपण स्वतः हललेलो नाही, एवढ्यावर थोरलीचं समाधान झालं.

नवरा खुर्चीवर मान मागे टाकून बसला होता. दाढेत लवंगतेलाचा बोळा, आणि तोंड उघडायचं नाही अशी कंपाउंडरची सक्त ताकीद. घोषणा त्यानं ऐकली होती. अहो नावाचा कुणीतरी आसामकडचा गृहस्थ असावा, मुलांना सोडून कुठे गेला बेजबाबदार, असं त्याला वाटलं होतं. हे त्यानं आम्हाला संध्याकाळी सांगितलं. त्या वेळी तो फक्त "ऊं" म्हणाला आणि आपल्या मुलांना परक्या माणसाच्या काखेत बघून ताडकन उभा राहिला.

"अहो, बसा," मी म्हटलं.

खोलीतले चारही मराठी पुरुष बसायला जागा शोधू लागले.

मला तेव्हा हसू आलं ते आवरेना. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं आणि मग ते हसण्याचं राहिलं नाही. हवाई दलवाल्याच्या बायकोनं माझ्या पाठीवर हात ठेवला. "मीही अशीच धावत आले," ती हळूच म्हणाली. "भोंगा वाजला की आधी भलतंच मनात येतं." मग तिनं पर्समधून सेफ्टी पिन काढून माझ्या चपलेला लावून दिली.

आगगाडीत बसणं राहूनच गेलं. हिरवळीवर चारही घरांचे डबे एकत्र उघडले. दशम्या, पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी, आणि सरदारीणबाईंनी आग्रहानं आणून दिलेली मुळ्याच्या पराठ्यांची चळत. लाडवांचा डबा मी उघडला नाही. सगळे इतकं बोलत होते, की मुलांचं पार्कात काय काय बघायचं राहिलं याची आठवण काढायलाही कुणाला उसंत नव्हती. किती दिवसांत घराबाहेर मराठी बोलले नव्हते, हे प्रत्येक जण आळीपाळीनं सांगत होता. नवरा तोंड मिटून माना डोलावत होता. एरवी तो इतकं नीट कुणाचं ऐकत नाही.

ऊन कलायला लागलं तसे सगळे घड्याळाकडे बघू लागले. अंधारापूर्वी घरी पोचायचं होतं. कुणी तसं बोललं नाही, सगळ्यांनी नुसते डबे भरायला घेतले. पत्ते दिले-घेतले. पुढच्या रविवारी आमच्याकडे यायचं ठरलं आणि ते खरंच आले. त्यानंतर बदल्या होईपर्यंत आम्ही चार घरं महिन्यातून एकदा कुणाकडे तरी जमायचो. मोठी माणसं मराठीत भांडायची आणि मुलं गॅलरीत हिंदीत.

पार्कातून आल्याच्या दुसऱ्या दिवशी शेजारच्या बाईंनी धाकट्याला कौतुकानं विचारलं, "पार्क में क्या-क्या देखा?"

त्यानं थोडा विचार केला.

"वहां अंकल मिलते हैं," तो म्हणाला. "बहुत सारे."

त्या आठवड्यात कॉलनीतल्या दोन मुलांनी आपल्या आईवडिलांकडे पार्कात जायचा हट्ट धरला. त्यांतल्या एकाची आई माझ्याकडे येऊन, बरोबर काय न्यावं, मुलांना काय सांगून ठेवावं, असं विचारत होती. मी तिला पुऱ्या न्या म्हटलं.