रागाच्या भरात उघडलेली शाळा

माझी मुलगी उत्पला चौथीत असताना मी तिला शाळेतून काढलं आणि घरी शिकवायला लागले. ओळखीतले लोक म्हणतात, हेमलतानं फार विचार करून हा निर्णय घेतला. विचारबिचार काही नव्हता. मला राग आला होता, आणि रागात माझं तोंड माझ्या पुढे दोन पावलं चालतं.

झालं असं. उत्पला लहानपणापासून बोलताना अडखळते. शब्दाचं पहिलं अक्षर ओठांवर येतं आणि तिथंच बसून राहतं. वर्गात हिंदीचा धडा वाचायला उभं केलं की पोरं हसायची. एक दिवस टीचरनं हसणाऱ्यांना गप्प करायचं सोडून हिलाच सांगितलं, "तुम बैठ जाओ बेटा, टाइम जा रहा है." त्यानंतर दोन महिने ती वर्गात एक शब्द बोलली नाही. हजेरीलासुद्धा नुसता हात वर. हे मला पालकसभेत कळलं, कारण घरी मी कधी विचारलंच नव्हतं.

याचा राग खरं तर मला स्वतःवर यायला हवा होता. तो प्रिन्सिपल मॅडमवर आला. त्या शांतपणे म्हणाल्या, "देखिए, बच्ची को अलग से ध्यान चाहिए. हमारे यहाँ एक क्लास में चालीस बच्चे हैं."

"मेरे यहाँ एक ही है," मी म्हणाले. "मैं घर पे पढ़ा लूँगी."

मी ताडकन उठले. खुर्ची मागे पडली. ती न उचलता मी ऐटीत बाहेर आले आणि गेटपाशी आल्यावर लक्षात आलं की स्कूटीची चावी मॅडमच्या टेबलावरच राहिली. परत गेले. खुर्ची उचलली, चावी घेतली, "थँक्यू मॅडम" म्हणाले. अशी माझ्या क्रांतीची सुरुवात झाली.

मी काही मास्तरीण नाही. इथं जबलपुरात विजय नगरातल्या एका लॅबसाठी मी रक्ताचे नमुने घेते. सकाळी सहा ते दहा घरोघरी फिरायचं, मग एक वाजेपर्यंत लॅबमध्ये. माझा नवरा मोहन रिछाईच्या औद्योगिक वसाहतीत पाइपच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. त्यानं जेवता जेवता सगळी हकीकत ऐकली आणि एकच प्रश्न विचारला.

"तुले भागाकार येतो काय?"

"बीएस्सी आहे मी!"

"दशांशवाला?"

मी त्याच्या ताटात भाजी वाढली. नको म्हणत होता तरी वाढली.

सासूबाईंना मात्र मला असं भाजी वाढून गप्प करता येईना. पार्वताबाई स्वतः दुसरीपर्यंत शिकलेल्या. माझे सासरे भंडाऱ्याहून इथं फॅक्टरीत लागले तेव्हा पहिल्या पगारात त्यांनी पाटी-पुस्तकं घेतली होती, हे त्या आल्यागेल्याला सांगतात. त्यांनी भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"आपल्या लोकायनं शाळेत जाण्यासाठी काय काय सोसलं. अन् तू पोरगी शाळेतून काढून राहिली? काहून?"

आठवडाभर मी तो फोटो पुसलाही नाही. समोर उभं राहायची हिंमत नव्हती.

पण तोंडातून निघालं होतं, तेव्हा करणं भाग होतं. मी मोठा चार्ट पेपर आणला आणि चार रंगांच्या स्केचपेननं वेळापत्रक केलं. दीड वाजता गणित, सव्वादोनला विज्ञान, तीनला भाषा, साडेतीनला 'सृजनशील उपक्रम'. सृजनशील उपक्रम म्हणजे काय ते मलाही माहीत नव्हतं, पण जांभळ्या रंगात छान दिसत होतं. पहिल्या दिवशी दीड वाजता मी पुस्तक उघडलं आणि जरा भिंतीला टेकले. पहाटे साडेचारला उठलेलं माणूस टेकलं की काय होतं ते सांगायला नको. जागी झाले तेव्हा उत्पलानं चार्टवर इमानदारीनं नोंद करून ठेवली होती : दीड ते तीन, मम्मी झोपली. पुढे बरोबरची खूण.

मग मी नवी युक्ती काढली. सकाळच्या फेरीत कानात इअरफोन घालून घरी फोन लावायचा आणि रस्त्यानं पाढे घ्यायचे. एका घरी एका भल्या माणसाच्या दंडाला रबरी पट्टा बांधता बांधता मी म्हणाले, "सात अट्ठे?"

"छप्पन, दीदी," तो घाबरून म्हणाला. "लेकिन मुझे हुआ क्या है?"

युक्ती बंद झाली. तरी उत्पला शिकत होती, म्हणजे पुस्तकं वाचत होती, आजीला वाचून दाखवत होती. माझ्याशी बोलणं मात्र असं चालायचं :

"मम्मी, मला प... प..."

"पाणी? पेन? पराठा?"

"...पप्पांनी सांगितलं, गाडीत प... प..."

"पेट्रोल नाही. कळलं, कळलं."

माझ्या मते मी तिला मदत करत होते.

इकडे माझी कीर्ती परस्पर पसरत होती. बुद्धविहारातल्या महिला मंडळाच्या वसुधाताई एक दिवस घरी आल्या, चार्ट पेपर पाहून भारावल्या आणि म्हणाल्या, "पुढल्या महिन्यात तुझं भाषण ठेवते. विषय, घर हीच शाळा." मला चक्क नाही म्हणायचं होतं. "हो ताई, जरूर," असं माझं तोंड म्हणालं.

त्याच सुमारास सासूबाई लग्नाला भंडाऱ्याला गेल्या, आठ दिवसांसाठी. मोहनची दिवसपाळी. उत्पलाला घरी एकटं ठेवता येईना, म्हणून मी तिला सकाळच्या फेरीवर बरोबर घेतलं. लॅबच्या नियमात हे बसत नव्हतं. मी तिला बजावलं, "दाराजवळच्या खुर्चीवर बसायचं आणि काहीही बोलायचं नाही." हे कोण सांगत होतं? जिनं पोरीला बोलू दिलं नाही म्हणून शाळेत खुर्ची पाडली होती, ती बाई.

तिसरं घर डोमाजी काकांचं होतं. डोमाजी काका तोफगाड्यांच्या फॅक्टरीतून फोरमन म्हणून रिटायर झालेले, पिळदार मिशांचे, उंचेपुरे. हृदयाची झडप बदललेली, त्यामुळे रक्त पातळ करायची गोळी चालू आणि दर महिन्याला तपासणी. आणि सुईला असे भ्यायचे की विचारू नका. मी दारात दिसले की त्यांना आधी बाथरूमला जायचं असे, मग पाणी प्यायचं असे, मग पेपरमधली एखादी बातमी महत्त्वाची निघे. शेवटी त्यांची बायको चंपाबाई त्यांचा हात घट्ट धरून बसायच्या, तेव्हा कुठे माझं काम व्हायचं.

"सारी जिंदगी तोफायमंदी गेली," चंपाबाई म्हणायच्या, "अन् एवढ्याशा सुईले पाहून पाय लटपटतात."

त्या दिवशी पाणी पिऊन झालं होतं, पेपर वाचून झाला होता. मी दंडाला पट्टा बांधला, तेवढ्यात काकांना दारातली खुर्ची दिसली.

"थांब बाई, थांब. हे कोण?"

"माझी मुलगी."

"अच्छा! नाव काय बेटा?"

उत्पलानं माझ्याकडे पाहिलं. मी सवयीनं तोंड उघडलं.

"तुले नाही विचारलं," काका म्हणाले. "तिले विचारलं."

"उ... उ..." उत्पलाची बोटं फ्रॉकच्या टोकाला पीळ घालायला लागली. "उत्... उ..."

"होऊ दे, होऊ दे. आरामात. काही घाई नाही."

"उत्पला."

"वा! म्हणजे काय?"

"क... कमल. न... नीलावाला."

"निळं कमळ? मी तर गुलाबीच पाहिलं. कुठं असते ते निळं?"

मी पट्टा सोडला, कारण हात निळा पडायला लागला होता. अजून तीन घरं उपाशीपोटी माझी वाट पाहत होती. उत्पला सांगत होती, अर्धं मराठीत अर्धं हिंदीत, एकेका शब्दावर थांबत. कमळावरून गोष्ट तिच्या पुस्तकावर गेली, पुस्तकावरून माझ्या बॅगेवर. काकांनी विचारलं, ह्या ट्यूबायचे रंग काहून वेगळे? आणि उत्पलानं त्यांना ट्यूबच्या झाकणांचे रंग समजावले. जांभळं कशाचं, लाल कशाचं, आणि तुमचं निळं, त्यात आधीच दवा असते, त्यानं खून ज... ज... मी दोनदा मध्ये घुसायचा प्रयत्न केला. दोन्ही वेळा काकांनी माझ्याकडे न बघता ट्रॅफिक पोलिसासारखा पंजा दाखवला.

"...जमत नाही," उत्पलानं पुरं केलं. म्हणजे गोठत नाही.

"अच्छा! अन् जमला तर?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ती जितका वेळ घेईल तितकी सुई लांब राहणार होती. अख्ख्या जबलपुरात उत्पलाचं वाक्य लवकर संपू नये असं मनापासून वाटणारा हा एकच माणूस होता. आणि लवकर संपावं म्हणून तिच्या तोंडात शब्द कोंबणाऱ्यांत पहिला नंबर तिच्या टीचरचा नव्हता, माझा होता.

वीस मिनिटांनी उत्पलाच उठून काकांजवळ आली. "आ... आता हात द्या. म... मी सांगते, तब तक उधर मत देखो."

त्यांनी निमूट हात पुढे केला. ती काहीतरी बेडकाच्या हृदयाबद्दल सांगत होती. मी सुई घातली, ट्यूब भरली, कापूस लावला. काका बेडकातच होते.

"आज मले हातही नाही धरा लागला," चंपाबाई म्हणाल्या आणि उत्पलाच्या हातात दोन लाडू ठेवले.

तिथून निघाल्यावर स्कूटीवर मागून आवाज आला. "मम्मी, ड... डोमाजी आजोबा..."

मी दात आवळले. सिग्नल लाल झाला, हिरवा झाला. मागचे हॉर्न वाजवायला लागले.

"...मुद्दाम विचारून र... राहिले होते. सुई नको म्हणून."

"तुला कळलं होतं?"

"हो."

"मग तू कशाला सांगत बसलीस?"

"क... कोई पूछता है तो अ... अच्छा लगता है."

मी स्कूटी बाजूला घेतली आणि डोळ्यांत कचरा गेला असं सांगितलं. ती फसली नाही.

त्या दिवसापासून मी तिची वाक्यं पुरी न करायचं ठरवलं. ठरवणं सोपं होतं. माझी जीभ दहा वर्षांची सरावलेली. शेवटी मी तोंडात लवंग ठेवायला लागले. उत्पला अडखळली की लवंग चावायची. पहिल्या आठवड्यात इतक्या लवंगा संपल्या की लग्नाहून आलेल्या सासूबाईंनी विचारलं, "दाढ दुखून राहिली काय?" मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी तर कधीच नाही टोकत तिले. मले कुठं जायची घाई हाय?" म्हणजे घरात एक चांगली शिक्षिका आधीपासूनच होती, आणि ती मी नव्हते.

भाषणाचा दिवस आला. चार पानं लिहून नेली होती. उभी राहिले आणि समोर उत्पला आणि सासूबाई बसलेल्या दिसल्या. पानं घडी करून पर्समध्ये टाकली आणि खरं ते सांगून टाकलं. शाळा मी रागात उघडली, तिथं बहुतेक वेळ मी झोपते, दशांशाचा भागाकार मला येत नाही, आणि पोरीचं बोलणं मी एका पेशंटकडून ऐकायला शिकले. बायका पोट धरधरून हसल्या, टाळ्या वाजल्या. मला वाटलं, चला, कीर्तीतून सुटका झाली. वसुधाताई माइकवर आल्या आणि गहिवरून म्हणाल्या, "किती ही नम्रता!" पुढच्या आठवड्यात तीन बाया मार्गदर्शन घ्यायला घरी आल्या.

पुढल्या वर्षी उत्पलानं घरूनच मुक्त शाळेतून पाचवीची परीक्षा दिली. विज्ञानात चांगले मार्क पडले. गणितात जेमतेम, म्हणजे ते माझेच मार्क होते. आणि निकालाच्या दुसऱ्या दिवशी तिनं जाहीर केलं की तिला शाळेत जायचं आहे.

"काहून?" मी विचारलं. "कोणी काही बोललं का तुला?"

"न... नाही. मला मैत्रिणी पाहिजेत. तू च... च..."

मी लवंग चावली.

"...चांगली आहेस. पण तू पंचेचाळीस मिनिटांच्या वर ज... जागी नाही राहत."

मला हायसं वाटलं आणि अपमानही झाला, दोन्ही एकदमच. मोहन तोंड फिरवून हसत होता.

घराजवळच्या एका छोट्या शाळेत आम्ही फॉर्म भरायला गेलो. उत्पलानंच पेन हातात घेतलं. क्लार्कच्या टेबलाशी ती हळूहळू लिहीत होती, मी खांद्यावरून डोकावत होते. आधीच्या शाळेचं नाव या रकान्यात तिनं लिहिलं, 'घर'. शाळा सोडण्याचं कारण या रकान्यापाशी ती जराशी थांबली. मी सुचवायला पुढे वाकले, तर तिनं हातानं कागद झाकला. मग लिहिलं, 'मैडम थक गई थीं.'

क्लार्कनं ते वाचलं, माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि शिक्का मारला.