सुट्टीत थांबणारा खोकला

लासुर्ण्याच्या स्टँडवर बारामतीची एसटी लागली तेव्हा तात्यांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बॅग स्वतः आत नेऊन ठेवली. मला ओडिशातल्या अॅल्युमिनिअमच्या कारखान्यात नोकरी लागली होती. तात्यांची हयात गुऱ्हाळाच्या चुलवाणात चिपाडं घालण्यात गेलेली. त्यांचा सल्ला एकच, "तोंडाला वला टावेल बांधायचा. मग धूर काय करतोय?" ओडिशा नेमकं कुठं, हे आम्हा दोघांनाही धड ठाऊक नव्हतं.

तिथं गेल्यावर पॉटरूम कळली. लांबलचक शेड, त्यात ओळीनं भट्ट्या, त्यांना पॉट म्हणतात. त्यातून अॅल्युमिनिअम निघतं आणि नाकाला झोंबणारा वायूही. कंपनीनं रबरी मास्क दिला होता, पण त्या उष्म्यात तो लावला की जीव नकोसा व्हायचा. साहेबांची पाठ फिरली की मी मास्क खाली ओढायचो आणि ओला टॉवेल बांधायचो. ओलं फडकं वायू अडवत नाही, हे मला कुणी सांगितलं नाही म्हणालो तर ते खोटं होईल. सांगितलं होतं. पण तात्यांपुढं त्या सेफ्टीवाल्याची काय मातब्बरी!

पुढं खोकला लागला, छाती आवळायला लागली. सुट्टीवर गावी आलो की मात्र आठ दिवसांत सगळं गायब. आई म्हणायची, "हितलं पाणी मानवतंय माझ्या लेकराला." मलाही ते पटायचं. घरची ओढच छातीत बसते, असं मी बायकोला मोठ्या ऐटीत सांगायचो. बारामतीत तपासून घेतलं तर रिपोर्ट साफ. शेवटी कारखान्यातल्या डॉक्टरांनी कामाच्या दिवसांत नळीत फुंकायला लावलं आणि दमा निघाला. सुट्टीत छाती सैल होते, म्हणून माणूस फसतो, असं ते म्हणाले. मला पॉटरूममधून काढून सामानाच्या स्टोअरला टाकलं. आता खिशात पंप असतो. मराठीपेक्षा ओडिया भरभर बोलणारी माझी मुलगी जिन्यात माझ्यासाठी थांबते.

हे मी घरी कळवलं नाही. कारण तोवर धाकटा भाऊ दत्ता माझ्याच शब्दावर त्याच पॉटरूममध्ये ठेकेदाराकडं लागला होता. टॉवेल बांधायला त्याला मीच शिकवलं होतं. याची मला अजून शरम वाटते.

गेल्या सुट्टीत आम्ही दोघं गावी आलो. ओडिशात खोकून बेजार झालेला दत्ता इथं आठवड्यात ठणठणीत झाला आणि बारामतीहून साफ रिपोर्ट घेऊन आला. आई पेढे वाटायला निघाली. तेव्हा मात्र मला राहवलं नाही. तिला ओसरीवर बसवून पहिल्यापासून सगळं सांगितलं. तिनं पेढ्यांचा पुडा खाली ठेवला. मग म्हणाली, "तुला ठावं हुतं. मग परत कशाला न्हेतोयस त्याला?"

दुसऱ्या दिवशी मी कारखान्यातल्या डॉक्टरांना फोन करून दत्ताचा खोकला कळवला. त्यांनी कारखान्यात शिरायचा त्याचा गेटपास थांबवला. "दादा, तुला स्टोअर मिळालं. मला कोण दिईल?" एवढंच तो म्हणाला. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, ठेक्यावरच्या माणसाला कोण स्टोअर देतो? दौंड स्टेशनवर मला सोडायला तो आला नाही.

गाव सोडून अशा भट्ट्यांवर गेलेल्या माझ्या भावांनो, सुट्टीत थांबलेल्या खोकल्यावर विसंबू नका. तपासून घ्यायचं ते कामावर असताना घ्या, आणि घरी खरं सांगा.

दत्ता अजून माझ्याशी बोलत नाही. मी आईला फोन करतो तेव्हा तो मागं गोठ्यात म्हशींवर ओरडत असतो, चांगला खड्या आवाजात, मध्ये न खोकता. माझं घर आता तेवढंच उरलंय. आई विचारते, "दिऊ का त्याच्याकडं?" मी म्हणतो, नको, फोन जरा गोठ्याकडं धर.